झुलीचा घेर

खांदेमळणीच्या दिवशी दत्तोबांच्या घरात मळायला खांदे नव्हते, म्हणून त्यांचा लेक ऋषिराज सकाळपासून ट्रॅक्टरचं ऑइल बदलत होता. उद्या पोळा. वरकुट्याच्या या घरातला शेवटचा बैल जाऊन बरीच वर्षं झाली, पण सण काही गेला नव्हता. तो सरकारी नोकरासारखा बैलावरून ट्रॅक्टरवर बदली होऊन आला होता आणि नव्या जागी रुळलाही होता. ट्रॅक्टरला हळद लागे, बाशिंग बांधलं जाई, बॉनेटवर झूल चढे आणि ऋषिराजची आई विजयमालाबाई पुढच्या चाकावर पाणी घालून रेडिएटरला पुरणपोळी दाखवत. ट्रॅक्टर खात नसे. एवढं सोडलं तर विधीत काही कमी नव्हतं.

यंदा मात्र झुलीला दोन गिऱ्हाइकं निघाली.

एक ऋषिराज, परंपरेने. दुसरी त्याची लेक संस्कृती, बारामतीच्या कॉलेजात कपड्यांचा अभ्यास करणारी. कपड्यांचा अभ्यास म्हणजे नेमकं काय करतात, हे घरात कुणी विचारलं नव्हतं. पोरगी रोज जाते, त्याअर्थी काहीतरी करत असणार. ती काल संध्याकाळी एसटीतून उतरली ती काखेत कागदाची भलीमोठी गुंडाळी घेऊन. झेरॉक्सच्या दुकानात छापलेली पानं चिकटपट्टीने एकाला एक जोडून तिने अवाढव्य पंखा केला होता. तो म्हणे स्कर्टचा साचा. परवा कॉलेजात प्रदर्शन. साचा सगळ्यांना सारखाच दिलेला. कापड आणि कलाकुसर ज्याची त्याने आणायची, आणि त्यात ‘स्वतःच्या घरचं काहीतरी’ दिसलं पाहिजे, असं मॅडमनी बजावलेलं.

“मग डाळिंबं शिव की स्कर्टला,” ऋषिराज ट्रॅक्टरखालून म्हणाला.

“पप्पा, मला झूल पाहिजे.”

ट्रॅक्टरखाली पाना वाजत होता, तो थांबला.

विजयमालाबाई ओसरीवर पुरणाची डाळ निवडत बसल्या होत्या. त्यांचा हात आपसूक कमरेच्या किल्लीकडे गेला.

झूल त्यांच्या सासूबाईंची, सारजाबाईंची. हौशा आणि पाखऱ्या या खिल्लार जोडीसाठी सारजाबाईंनी लाल मखमलीवर आरसे, कवड्या आणि रेशमाची वेल काढून दोन झुली केल्या होत्या, आणि त्या अशा ऐसपैस की पोळ्याची मिरवणूक निघाली की लोक म्हणत, बैल घरीच ऱ्हायलं, नुसत्या झुलीच चालल्यात. पुढे दत्तोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ तात्याबा यांची वाटणी झाली. ती अगदी न्यायाने झाली. जमीन अर्धी, भांडी अर्धी, आणि जोडीतला एकेक बैल, त्याच्या झुलीसकट. एका बैलाने औत चालत नाही हे दोन्ही भावांना पिढीजात ठाऊक होतं. पण न्याय म्हणजे न्याय. हौशा वरकुट्यात राहिला, पाखऱ्या शेळगावला गेला. दोघांच्या जोडीला दोन परके बैल आणले गेले आणि कुणाचंच कुणाशी जमलं नाही. बैलांनी निदान प्रयत्न केला. माणसांनी तेवढाही केला नाही. तात्याबा गेले तेव्हा इकडची माणसं मातीला जाऊन आली, ती घोटभर पाणी न पिता. त्यांच्या बायकोशी, भीमाबाईंशी, विजयमालाबाई वाटणीनंतर एक शब्द बोलल्या नव्हत्या.

“अगं, बैलाची झूल कमरंला गुंडाळून बारामतीत फिरणार तू?” माधवी स्वयंपाकघरातून बाहेर आली. ती ऋषिराजची बायको, आणि नवऱ्याच्या बाजूने बोलायची वेळ तिच्यावर क्वचितच येई. आज आली होती. “पुढंमागं तुला बघायला येतील ती लोकं काय म्हणतील? सून बघायला आलो का बैलबाजाराला आलो?”

“मम्मी, मी फक्त साचा ठेवून बघते. कापणार नाही. आजी, काढ ना.”

‘फक्त बघते’ या शब्दांनी या घरात आजवर काय काय सुरू झालं होतं, ते विजयमालाबाईंना माहीत होतं. तरी त्या उठल्या. नातीचं म्हणणं पटलं म्हणून नव्हे, उद्या ती काढायचीच होती म्हणून.

पेटी उघडली आणि त्यांनी तोंडाला पदर लावला. उंदीर. झुलीची मागची कड या टोकापासून त्या टोकापर्यंत कुरतडलेली होती. मखमलीचा भुगा डांबरगोळ्यांत मिसळून पडला होता. डांबरगोळ्या मात्र शाबूत होत्या.

“आता ही बॉनेटवर कशी घालायची?” ऋषिराज हात पुसत आला. “लोकं हसतील.” त्याचा हक्क तिथंच अर्धा झाला. संस्कृतीने तो अर्धाही वाया जाऊ दिला नाही. डाळिंबं निवडायच्या शेडपुढे अंगणात ताडपत्री अंथरून तिने झूल पसरली आणि वर कागदाचा साचा टाकला.

साचा अर्ध्या वर्तुळाचा. सरळ बाजूच्या मधोमध कमरेसाठी अर्धी वाटी कापलेली, तिथून खाली पंख्यासारखा घेर. दोन्ही सरळ कडा मागे एकमेकींना जोडल्या की झाला स्कर्ट. संस्कृती हे सांगत होती आणि साचा सरकवत होती, आणि सरकवता सरकवता थांबली.

झुलीच्या पुढच्या काठाला मधोमध एक खाच होती. बैलाचं वशिंड मोकळं राहावं म्हणून सारजाबाईंनी कापलेली, काळ्या रेशमाने मढवलेली अर्धी वाटी. कागदावरची कमरेची कमान तिच्यावर जाऊन बसली. बसली म्हणजे कशी, पातेल्यावर त्याचंच झाकण बसावं तशी. इकडे केस नाही, तिकडे केस नाही.

संस्कृतीने टेप काढली. मग न मोजताच खाली ठेवली.

विजयमालाबाईंनी आयुष्यात पुष्कळ चमत्कार ऐकले होते, पण ते सगळे दुसऱ्या गावात झालेले असत आणि पाहिलेला माणूस नेमका वारलेला असे. हा त्यांच्या अंगणात, ताडपत्रीवर झाला. कॉम्प्युटरात कुणीतरी काढलेली रेघ, आणि दाराच्या उजेडात बसून सासूबाईंनी कात्रीने अंदाजाने घेतलेलं वळण. दोघांची गाठ नाही, भेट नाही. त्या खाली बसल्या आणि खाचेच्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं. टाका इतका बारीक होता की बोटाला लागत नव्हता.

“आजी,” संस्कृती हळूच म्हणाली, “कंबर तर कापूनच ठेवलीये त्यांनी.”

“हौशाच्या वशिंडाएवढी कंबर हाय व्हय माझ्या लेकीची?” माधवी म्हणाली, पण तीही वाकून बघत होती, आणि आवाजातली धार गेली होती.

“कात्री आण,” विजयमालाबाई म्हणाल्या.

“आई!” ऋषिराज.

“उंदरानं खाल्ली ती चालली तुला? आनि कापायची तर मी कापीन. वर गेल्यावर सासूबाईंना मला तोंड दावायचं हाय, तुला न्हाय.”

आतलं जाड अस्तर उसवायला माधवी स्वतःहून ब्लेड घेऊन बसली. ती कोणत्या बाजूची हे आता विचारण्यात अर्थ नव्हता. साच्याची गोलाई कुरतडलेल्या कडेवर जात होती, म्हणून ती कड टाळून घेर नव्याने आखायचा होता. संस्कृती कमरेच्या खाचेपासून टेप धरून खडूने एकेक ठिपका देऊ लागली, तेवढ्यात खुर्चीवर पेपर वाचत बसलेले दत्तोबा खाकरले.

दत्तोबांचं खाकरणं म्हणजे हरकत. त्यांनी तरुणपणी आसपासच्या गावांतल्या कैक विहिरी आखल्या होत्या. विहिरींना पाणी लागलं की नाही हा वेगळा विषय. पण गोल होत्या.

“ठिपकं ठिपकं काय देती रांगोळीवानी? गोल आसा आखत्यात व्हय?”

“आबा, असंच शिकवलंय.”

“शिकिवलंय!” दत्तोबा उठले. कुणी बोलावलं नव्हतं, त्यामुळे त्यांना थांबवणंही कुणाला शक्य नव्हतं. त्यांनी शेडमधून खुंटी आणि सुतळी आणली. वशिंडाच्या खाचेच्या बरोबर मध्यावर ताडपत्रीला भोक पाडून खुंटी ठोकली. “लांबी सांग.”

“घोट्यापर्यंत पाहिजे. छत्तीस इंच.”

“ठिपकं न्हाय, कायबी न्हाय. ह्ये बघ.” त्यांनी सुतळी मोजली, टोकाला खडू बांधला आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, धोतराचा सोगा दातात धरून, वाकून या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात फिरले. मागे पांढरी रेघ उमटली. इतकी देखणी की ऋषिराजनेही मोबाइल काढून फोटो घेतला.

विजयमालाबाईंनी देवाचं नाव घेतलं आणि कात्री चालवली. मखमल कराकरा कापली जात होती.   रेघ एवढी साफ होती की कात्रीला विचार करावा लागत नव्हता. कोपरे गळून बाजूला पडले, आणि ताडपत्रीवर लाल अर्धा सूर्य उरला, आरसे मिरवणारा.

“नेस बघू,” त्या म्हणाल्या.

संस्कृतीने तो कमरेला लावला. खाच कमरेवर बरोबर बसली. घेर खाली आला, आला, आणि गुडघ्याच्या जरा खाली येऊन थांबला.

सगळे खाली बघत राहिले, उरलेलं कापड मागाहून येणार असल्यासारखे.

“आबा,” संस्कृतीचा आवाज बारीक झाला, “लांबी कुठून मोजली?”

“कुठनं म्हंजे? खुंटीपास्नं.”

“कमरेपासून मोजायची होती. खुंटी मधे आहे. मधलं भोक त्यात गेलं!”

“इहिरीत मधलं भोक मोजत न्हाईत,” दत्तोबा म्हणाले. “इहीर म्हंजीच भोक.”

विहिरीपुरतं ते खरं होतं. एक वीतभर स्कर्ट हवेत राहिला होता, आणि ती वीत बरोबर हौशाच्या वशिंडाएवढी होती.

“झालं,” ऋषिराज म्हणाला. “आता ना पोरीला, ना ट्रॅक्टरला.”

“मी म्हणत होते ठिपके देते!” संस्कृती मटकन ताडपत्रीवर बसली. “परवा काय घालू मी आता?”

“टेपच खोटी आसंल,” दत्तोबा म्हणाले आणि पेपर उघडून त्याच्या आड गेले. पेपर उलटा होता.

विजयमालाबाईंच्या हातात कात्री तशीच होती. नातीचं प्रदर्शन, लेकाचा ट्रॅक्टर, हे सगळं त्यांना लांबून ऐकू येत होतं. सासूबाईंनी मरताना जी एक वस्तू त्यांच्या हाती दिली होती, ती त्यांनी पेटीत ठेवून उंदरांना चारली आणि उरलेली स्वतः कापली. कापलेलं कापड लांब होत नाही. खाली जोडायला वीतभर रुंदीचा काठ हवा होता, तोही तसाच, त्याच हातचा. उरलेल्या तुकड्यांत काठ म्हणून ती कुरतडलेली कडच तेवढी होती.

“शेळगावच्या धाकट्या आत्यांकडं हाय की जोडीची,” माधवी म्हणाली, ब्लेडकडे बघत. “काठ पन चांगला हाय तिचा.”

पेपर खाली आला. “तुला काय ठावं शेळगावच्या झुलीचं?”

“स्टेटसला असती दर पोळ्याला.”

“तू बोलती त्यांच्याशी?” ऋषिराजने विचारलं.

“बोलत न्हाय. आमी नुसतं बघतो. मी त्यांचं बघती, त्या माझं बघत्यात.” माधवी जराशी लाजली. “गेल्या साली आपल्या डाळिंबाच्या गाडीला त्यांनी हार्ट टाकलं हुतं. चुकून लागलं आसंल म्हून मी काय बोलले न्हाय.”

“त्या घरात हात पसरायचा न्हाय,” दत्तोबा म्हणाले. “मी जित्ता हाय तवर.”

“रेघ कुनी मारली?” विजयमालाबाईंनी शांतपणे विचारलं.

पेपर परत वर गेला.

माधवीने नंबर लावून फोन सासूच्या हातात दिला. घंटी वाजत होती तेवढ्या वेळात विजयमालाबाईंना फोन ठेवून द्यावासा अनेकदा वाटला. पलीकडून आवाज आला आणि तो म्हातारा झाला होता.

“हालो. कोन?”

“मी बोलतीय.”

“मी कोन?”

“थोरली. वरकुट्यास्नं.”

 मग भीमाबाईंनी विचारलं, “कोन गेलं?”

“कुनी न्हाय गेलं. समदी हाईत.”  “भीमे, झूल कापली.”

कुणी गेलं असतं तर एवढी शांतता पसरली नसती.

“कुनी?”

“मी.”

“आले,” भीमाबाई म्हणाल्या, आणि फोन बंद झाला.

त्या वडापच्या जीपमधून उतरल्या, एकट्या. बारीक, काळ्यासावळ्या, डोईवरचा पदर दातात धरलेला, काखेत खताच्या गोणीत गुंडाळलेलं गाठोडं. अंगणात येऊन दिराला बघितल्यावर त्यांनी पदर आणखी पुढे ओढला. दत्तोबांनी घसा खाकरला आणि ट्रॅक्टरच्या टायरकडे बघत “आलीस का” असं टायरला विचारलं. पाणी आलं. भीमाबाईंनी तांब्या हातात घेतला, क्षणभर त्याकडे पाहिलं आणि घटाघटा प्यायल्या. विजयमालाबाईंनी श्वास सोडला.

“बघू,” भीमाबाई म्हणाल्या.

त्यांनी कापलेला घेर बघितला.  मग बाजूला पडलेले तुकडे उचलून एकेक उलटसुलट करू लागल्या.

“चांद कुठंय?”

“कसला चांद?” विजयमालाबाईंनी विचारलं.

भीमाबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं, जसं काही विजयमालाबाई स्वतःच्याच घरातली चूल कुठंय असं विचारत होत्या. “तुमाला ठावं न्हाय?”

ढिगातून त्यांनी मागच्या उजव्या कोपऱ्याचा तुकडा काढला. त्याच्या कडेला बारीक आरशांची एक कमान होती, कडेपाशी येऊन तुटलेली. उंदीर तिथवर पोचले नव्हते. विजयमालाबाईंनी ती शेकडो वेळा पाहिली होती आणि सासूबाईंचे आरसे संपले असतील, असं समजून सोडून दिली होती. भीमाबाईंनी गोणी सोडली. त्यांची झूल उन्हाने विटून विटेच्या रंगाची झाली होती. तिच्यावर नातवंडं निजली होती, मिरच्या वाळल्या होत्या. पण अखंड होती. तिच्या मागच्या डाव्या कोपऱ्यालाही तशीच तुटकी कमान.

त्यांनी तुकडा तिला लावला.

आरशांचा पुरा चांद झाला. परातीएवढा. त्याच्या आत आणखी बारीक आरशांचा, त्याच्या आत आणखी, मध्याला अभ्रकाचा एक कण. उन्हात तो पेटला आणि शेडच्या पत्र्यावर दुसरा चांद थरथरत उभा राहिला. डाळिंबांच्या क्रेटवरून उठून माशा गेल्या. माधवीच्या तोंडून आवाजही निघाला नाही, आणि ती तर कुकरच्या शिट्टीलाही उत्तर देणारी बाई.

“जोडी शेजारी शेजारी चालली की व्हायचा ह्यो,” भीमाबाई म्हणाल्या. “बैल लांब झालं की तुटायचा. पाऊल टाकलं की तुटायचा, ठेवलं की जुळायचा. वेशीपास्नं देवळापातुर.”

“मी कदी बघितला न्हाय,” विजयमालाबाई म्हणाल्या.

“तुमी कुठनं बघनार? तुमी थोरल्या. ताट घिऊन म्होरं. भावजी कासरा धरून म्होरं. मी आन् सासूबाई बादली घिऊन मागं, शेन गोळा करीत.” यात तक्रार नव्हती. असलीच तर फार जुनी, झुलीसारखी विटलेली. “मला वाटायचं, एवढी नजर लावून काडलं ते मागच्या कोपऱ्यात का? एकदा इचारलं. तर म्हनाल्या, भीमे, मागनं आपनच चालतो.”

विजयमालाबाईंनी चांदाला हात लावला नाही. हात लावायला भीती वाटली. या घरात त्यांनी उभा जन्म काढला होता, सासूच्या हाताखाली रांधलं होतं, तिचे पाय चेपले होते, आणि ती बाई पाठीमागे काय करत होती हे त्यांनी वळून पाहिलं नव्हतं.

“आनि मी समजत हुते, चांगली झूल तुमी ठिवली,” भीमाबाई म्हणाल्या. “आमच्यात कायम हेच. थोरलीनं चांगली ठिवली.”

“आन् मी म्हनायची, तुजी चांगली हाय. काठ रुंद हाय तुजा.”

“म्हून बलावलं व्हय? काठासाठी?”

“काठासाठीच,” विजयमालाबाई म्हणाल्या. खोटं बोलायचं त्यांना सुचलं नाही.

भीमाबाईंनी हात पुढे केला. “कात्री द्या.”

“भीमे, अख्खी झूल हाय तुजी. मी कापली ती उंदरानं खाल्लेली.”

“अख्खी घिऊन काय करू? एकटीच हाय ती.” त्यांनी स्वतःच्या झुलीचा काठ पकडला आणि एकदाही न थांबता कात्री चालवत नेली. शेवटी डाव्या कोपऱ्यातला अर्धा चांद उतरवून त्यांनी संस्कृतीच्या ओंजळीत ठेवला. पोरगी तो वाहत्या पाण्यासारखा धरून उभी राहिली.

मग दुपारभर विजयमालाबाईंचं पायाचं मशीन चाललं, म्हणजे बरंचसं अडलं. मखमलीचा थर मशीनच्या पायाखाली जाईना. एकीने चाक हाताने फिरवायचं आणि दुसरीने पलीकडून कापड ओढायचं, असं ठरलं. कोण फिरवणार आणि कोण ओढणार हे ठरायला टीप मारण्यापेक्षा जास्त वेळ गेला.

“वडू नगं, सुई मोडती!”

“तुमी फिरवायचं थांबला तर मी वडू नगं तर काय करू?”

“तवाबी आशीच घाई करायचीस. भाकरी कच्ची काडायची.”

“तुमी जाळायच्या. म्हून दोन घरं झाली बरं झालं, खानाऱ्याला सवड मिळाली.”

संस्कृती टाचण्या तोंडात धरून हसत होती. तिने आतल्या बाजूला खिसा लावला. बाईच्या कपड्याला खिसा, हे बघून दोघी म्हाताऱ्यांनी आळीपाळीने त्यात हात घालून पाहिला. विटका काठ लाल घेराला जोडला तेव्हा रंगांत उघड फरक दिसत होता. माधवी म्हणाली, ठिगळ वाटतंय. संस्कृती म्हणाली, वाटू दे, दोन घरचं आहे. ऋषिराज ट्रॅक्टर सोडून येऊन, हाताला ऑइल असल्याने कशाला न शिवता, लांबून सूचना करत होता. दत्तोबा काहीच सुचवत नव्हते. ते चांद कुठे लागणार याची वाट बघत होते, हे विजयमालाबाईंना त्यांच्या पेपरवरून कळत होतं. पान मघापासून उलटलं नव्हतं.

“चांद पुढे लावू?” संस्कृतीने विचारलं. “प्रदर्शनात सगळ्यांना दिसेल.”

“न्हाय,” दोघी एकदम म्हणाल्या.

पोरीने त्यांच्याकडे बघितलं, मग साच्याकडे. स्कर्टची मागची शिवण वरून गुडघ्यापर्यंत बंद करायची, असं साच्यात होतं. खाली चालायला फट. तिने फटीच्या एका कडेला वरकुट्याचा अर्धा ठेवला, दुसऱ्या कडेला शेळगावचा, आणि मान वर केली.  भीमाबाईंनी नाकाला पदर लावला आणि सुईत दोरा ओवायला घेतला. डोळ्याला दिसत नव्हतं. विजयमालाबाईंनी ओवून दिला. त्यांनाही दिसत नव्हतं, पण पहिल्या झटक्यात गेला. हे टाके मशीनने घालायचे नाहीत, हे न बोलता ठरलं होतं. एक अर्धा एकीने लावला, दुसरा दुसरीने.

उन्हं कलली तेव्हा संस्कृती तो घालून शेडमधून बाहेर आली. पुढून बघितलं तर स्कर्टच होता, जरा भारी, जरा विचित्र. माधवीने कौतुक केलं. दत्तोबांनी लांबी घोट्याला टेकलेली बघितली आणि चेहऱ्यावर असा भाव आणला की विहीर शेवटी बरोबरच आखली गेली होती.

“भावजी,” भीमाबाई जमिनीकडे बघत म्हणाल्या. वाटणीनंतर दिराला उद्देशून हा त्यांचा पहिला शब्द. “म्होरं नगा उभं ऱ्हाऊ. मागं या.”

दत्तोबांना आयुष्यात कुणी मागं या म्हटलं नव्हतं. ते क्षणभर तिथेच उभे राहिले. मग काठी टेकत, पोरीला वळसा घालून, दोघी बायकांच्या शेजारी येऊन उभे राहिले. ऋषिराजही आला. माधवी आली.

“चाल गं आता,” विजयमालाबाई म्हणाल्या. “सरळ. वेशीकडं.”

संस्कृतीने पाऊल टाकलं. फट उघडली, चांद दुभंगला, दोन तुकड्यांतून ऊन दोन्हीकडे उडालं. पाऊल टेकलं. जुळला. परत दुभंगला. परत जुळला. घुंगरू नव्हते, हलगी नव्हती. नुसती मखमल पायावर घासल्याचा आवाज आणि कवड्यांची किणकिण, आणि लाल धुळीत पुढे पुढे जाणारा तो चांद, दर पावलाला मोडणारा, दर पावलाला पुरा होणारा. दत्तोबांच्या हातातली काठी तिरकी झाली होती. ते तोंड उघडं ठेवून बघत होते. इतकी वर्षं कासरा त्यांच्या हातात होता, आणि हे सगळं त्यांच्या पाठीमागून चालत होतं.

विजयमालाबाईंच्या शेजारी भीमाबाईंचे ओठ हलत होते. त्या पावलं मोजत नव्हत्या, बैलांना हाकत होत्या.

पोरगी फाटकाशी जाऊन थांबली आणि तिथूनच ओरडली, “आजी, किती चालू? पुढे रस्ता लागला!”

“लागू दे,” दोघी म्हणाल्या. “चाल.”